मुंबईतले पहिले वर्ष: अभिनयासाठी येणाऱ्यांना

अभिनयासाठी मुंबईला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: काम कसे मिळेल? नाटक, मालिका आणि जाहिराती यांत बरीच वर्षे काढल्यानंतर मला वाटते, की त्याआधी एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. एका ऑडिशनपासून दुसऱ्या ऑडिशनपर्यंत, आणि अनेक नकारांनंतर एखादा होकार येईपर्यंत, जो काळ जातो तो कोठे राहून, कोणत्या पैशावर आणि कोणता सराव करत काढायचा? माझ्याबरोबर आलेल्यांपैकी जे परत गेले, त्यांतले बरेच जण माझ्याहून चांगले नट होते. त्यांच्या अभिनयात काही कमी नव्हते. या मधल्या काळाची व्यवस्था त्यांनी लावलेली नव्हती. म्हणून या लेखात कामाइतकेच वाट पाहण्याविषयी लिहिले आहे.

घरून निघण्यापूर्वी

किमान सहा ते आठ महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय निघू नका. खर्चाचा अंदाज बांधताना भाडे, अनामत रक्कम, जेवण, लोकलचा पास, रिक्षा, मोबाइल आणि औषधपाणी हे सगळे धरा, आणि या काळात अभिनयातून एक रुपयाही येणार नाही असे गृहीत धरा. आधार, पॅन आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते या तीन गोष्टी तयार असाव्यात, कारण मानधन खात्यातच जमा होते आणि पॅनशिवाय निर्मिती संस्थेचा हिशेब विभाग पुढे सरकत नाही. पासपोर्ट काढून ठेवला तर उत्तम. परदेशातल्या चित्रीकरणासाठी तो ऐनवेळी मागितला जातो.

गावात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी रंगमंचावर उभे राहण्याची जी संधी आहे, ती आधी पुरेपूर घ्या. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रे महाराष्ट्रभर असतात आणि विद्यापीठांच्या युवा महोत्सवांतून एकांकिका, मूकनाट्य, एकपात्री असे सगळे प्रकार करायला मिळतात. मुंबईत पहिल्या वर्षी तुम्हाला ऑडिशनच्या दोन मिनिटांपलीकडे फारसे काही करायला मिळणार नाही, त्यामुळे येताना अंगात काहीतरी मुरलेले असणे आवश्यक आहे. रीतसर शिक्षण घ्यायचे असेल, तर मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातील अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, पुण्यातील एफटीआयआय, म्हणजे चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय हे पर्याय आहेत. साठवलेली सगळी पुंजी "शिकवतो आणि कामही मिळवून देतो" असे सांगणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या वर्गात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकवणाऱ्याने शिकवावे, कामाची हमी कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

राहायचे कोठे

ऑडिशनची बहुतेक ठिकाणे अंधेरी पश्चिमेला आहेत: वर्सोव्याचे आराम नगर, यारी रोड, सात बंगला, चार बंगला, लोखंडवाला, ओशिवरा. या भागात राहिलात तर अर्ध्या तासाच्या निरोपावर पोहोचता येते, पण भाडे जड जाते आणि म्हणून बहुतेक जण तीन-चार जणांत एक खोली घेतात किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन, राहतात. मराठी मुलांपुढे दुसरा एक मार्ग असतो, तो म्हणजे डोंबिवली, कल्याण, वसई, विरार किंवा नायगावला मावशीकडे, काकांकडे अथवा मित्राच्या खोलीवर राहणे. तो कमी प्रतीचा मुळीच नाही. मात्र मध्य रेल्वेवर राहणाऱ्याने घाटकोपरला उतरून वर्सोव्याची मेट्रो पकडावी. २०१४ मध्ये ही मेट्रो सुरू झाल्यापासून दादरला गाडी बदलण्याची दगदग वाचली आहे. उपनगरांतला दहिसरकडचा माणूस मेट्रो २अ ने थेट ओशिवरा आणि अंधेरी पश्चिमेला येऊ शकतो.

जागा निवडताना फक्त आराम नगरचे अंतर मोजू नका. मराठी मालिकांचे चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत होते, तसे ते मीरा रोड, मढ आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओंतही होते. ज्याचा भर मराठी मालिकांवर आणि नाटकांवर असेल, त्याला ठाणे किंवा बोरिवली अंधेरीपेक्षा सोयीचे पडू शकते.

भाडेकरार लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचा आणि नोंदणी केलेलाच असावा. अनामत रकमेची पावती मागताना संकोच करू नये. खोलीत राहणाऱ्या सर्वांची नावे करारात आहेत का, हेही पाहावे, कारण एकाच्या नावावर खोली घेऊन चौघांनी राहायचे आणि तो एक गावी परतला की उरलेल्या तिघांनी रातोरात बाहेर पडायचे, हे मी दोनदा अनुभवले आहे.

पोटापाण्याचे काम

ज्या नोकरीत सकाळी दहा ते संध्याकाळी सात एका जागी बसावे लागते, ती ऑडिशनसाठी अडचणीची असते. पण नोकरी नसणे त्याहून अधिक अडचणीचे असते. भाड्याची तारीख जवळ आलेला माणूस ऑडिशनच्या खोलीत शिरतो तेव्हा ती काळजी त्याच्या आवाजात उतरते आणि कॅमेरा ती टिपतो. म्हणून वेळ थोडी पुढेमागे करता येईल असे काम शोधा. मराठी चांगले असणाऱ्यांना डबिंग, भाषांतर, मालिकांच्या संवादलेखनात साहाय्य, कार्यक्रमांचे निवेदन ही कामे मिळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालनाट्य शिबिरे भरतात आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी नाटुकली बसवणारे लोक हवे असतात. डबिंगविषयी विशेष सांगावेसे वाटते, कारण हिंदी आणि दाक्षिणात्य चित्रपटांच्या मराठी आवृत्त्यांसाठी आवाज लागतात आणि ओठांच्या हालचालीशी शब्द जुळवताना श्वासाचे जे भान येते ते पुढे कॅमेऱ्यासमोर उपयोगी पडते.

जेवणाची शिस्त पहिल्या आठवड्यातच लावा. घरगुती पोळीभाजीचा डबा किंवा ठरलेली खानावळ असावी, कारण वडापाव आणि चहा यांवर दिवस काढणाऱ्याचा चेहरा दोन महिन्यांत ओढल्यासारखा दिसू लागतो, आणि आपल्या व्यवसायात चेहरा हे अवजार आहे.

फोटो आणि ओळख

महागडा पोर्टफोलिओ सुरुवातीला लागत नाही. स्वच्छ दिवसाउजेडात, साध्या भिंतीसमोर, मेकअप जवळजवळ न करता काढलेले चार-पाच फोटो पुरतात: समोरून जवळचा, डावी आणि उजवी बाजू, कमरेपर्यंतचा आणि पूर्ण उंचीचा. फोटो आज तुम्ही दिसता तसाच असावा. दाढी वाढवली किंवा केस कापले, तर नवे फोटो काढावेत.

त्याबरोबर एक मिनिटाच्या आतली ओळखीची चित्रफीत हवी, जिला सगळे "इंट्रो" म्हणतात. तीत नाव, वय, उंची, सध्याचे राहण्याचे ठिकाण, येणाऱ्या भाषा आणि केलेले काम एवढेच सांगावे. बोली येत असल्यास ती नुसती सांगू नये, दोन वाक्ये बोलून दाखवावी. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी यांपैकी एखादी बोली घरची असणे हे मोठे भांडवल आहे, कारण मालिकांच्या कथा आता पुण्या-मुंबईबाहेर बऱ्याच घडतात आणि उसनी बोली प्रेक्षकाच्या कानाला लगेच खटकते.

हिंदीत काम करायचे असेल, तर हिंदीवर वेगळी मेहनत घ्यावी लागते. मराठीतील "चमचा" आणि "जहाज" यांमधले दंततालव्य च आणि ज आपल्याही नकळत हिंदीत शिरतात, "ने"चा वापर चुकतो, नामांची लिंगे बदलतात. रोज वीस मिनिटे हिंदी गद्य मोठ्याने वाचून स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकावे. सहा महिन्यांत फरक जाणवतो. हिंदीत मराठी नटाला हवालदार किंवा घरकाम करणाऱ्या बाईची भूमिका अनेकदा देऊ केली जाते. ती घ्यावी की नाही हा प्रत्येकाचा प्रश्न आहे. मी घेतल्या आहेत, आणि त्या माणसाला त्याचे स्वतःचे घर, पाय दुखणे आणि घरी जायची घाई आहे असे मानून केल्या आहेत.

ऑडिशनची खोली

आराम नगर ही बैठ्या बंगल्यांची वसाहत असून त्यांतील अनेक घरांत कास्टिंगची कार्यालये आणि ऑडिशनचे छोटे स्टुडिओ आहेत. वर्सोवा मेट्रो स्थानकावरून रिक्षाने थोड्या वेळात तेथे पोहोचता येते. पूर्वी दारोदार फिरून फोटो द्यावे लागत. आता बहुतेक निरोप व्हॉट्सॲपच्या गटांतून आणि कास्टिंग संस्थांच्या इन्स्टाग्राम पानांवरून येतात. तरीही आठवड्यातून एक-दोनदा प्रत्यक्ष फेरी मारावी, कारण दारावर चिकटवलेली मागणी वाचता येते, इतर कलाकारांशी ओळख होते आणि कोणत्या खोलीत कसले काम चालते हे समजते.

दारात एक साहाय्यक उभा असतो. तो तुमच्याकडे क्षणभर पाहतो आणि "नॉट फिट" म्हणतो, किंवा वहीत नाव लिहायला सांगतो. नव्या माणसाला हा शब्द फार लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी त्यांना हव्या असलेल्या वयाचा, उंचीचा किंवा चेहऱ्याचा माणूस तुम्ही नाही. तुमचा अभिनय त्याने पाहिलेलाच नाही. तेथे वाद घालू नये. कोणत्या भूमिकेसाठी विचारणा होती एवढे वहीत टिपून पुढच्या दाराकडे जावे. ही वही अतिशय महत्त्वाची आहे. तारीख, ठिकाण, भूमिका, कपडे, काय केले, काय राहून गेले, याची नोंद प्रत्येक ऑडिशननंतर त्याच दिवशी करा. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या, की आपण नेमके कोठे अडखळतो हे स्वतःलाच दिसते.

पिशवीत एकरंगी टी-शर्ट, इस्त्रीचा शर्ट आणि कुर्ता असावा. मराठी मालिकांसाठी जाणाऱ्या मुलींनी साधी साडी पटकन नेसता येईल इतका सराव ठेवावा. बारीक चौकडीचे आणि मोठी अक्षरे छापलेले कपडे टाळावेत. आत गेल्यावर आधी जमिनीवरची पट्टी पाहा, म्हणजे उभे राहण्याची जागा कळेल, आणि "फ्रेम कुठपर्यंत आहे?" हे नम्रपणे विचारा. हा प्रश्न रंगभूमीवरून आलेल्यांनी तर विचारलाच पाहिजे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असलेला नट छातीपर्यंतच्या चौकटीत हात हलवतो, तेव्हा ते हात पडद्यावर येतात आणि जातात, आणि चेहऱ्यावर जे घडते त्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही. मी पहिली दोन वर्षे ही चूक करत होतो आणि मला कोणी ती सांगितली नाही, कारण ऑडिशनमध्ये चूक सांगायला कोणाला वेळ नसतो.

आधी इंट्रो, मग डावी-उजवी बाजू, जाहिरातीसाठी हातांच्या दोन्ही बाजू, आणि त्यानंतर प्रसंग, असा साधारण क्रम असतो. समोरून क्यू, म्हणजे तुमच्या आधीचे वाक्य, देणारा साहाय्यक सकाळपासून तेच वाक्य पन्नासदा वाचत असतो, त्यामुळे त्याच्या स्वरात काही नसते. त्या कोरड्या वाक्यातूनही काहीतरी ऐकू आल्यासारखे ऐकणे, हे ऑडिशनचे खरे कौशल्य आहे. पाठांतर पक्के असेल तरच हे साधते. कागदाच्या आठवणीत गुंतलेले मन ऐकू शकत नाही. नजर कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवा, थेट भिंगात पाहू नका, जोपर्यंत तसे सांगितले जात नाही.

नंतर रोज फोन करून निकाल विचारू नये. "शॉर्टलिस्ट" म्हणजे निवड नव्हे. "तारखा ब्लॉक केल्या आहेत" म्हणजेही निवड नव्हे. काम "लॉक" झाल्याचे कळेपर्यंत चालू नोकरी सोडू नका किंवा गावी आनंदाची बातमी कळवू नका. मालिकेत तर वाहिनीची मान्यता, लूक टेस्ट (वेशभूषा-रंगभूषेची चाचणी) आणि काही वेळा मॉक शूट (सरावाचे चित्रीकरण) एवढे टप्पे पार पडल्यावरच नाव निश्चित होते.

घरून पाठवायची ऑडिशन, म्हणजे सेल्फ टेस्ट, हे आता रोजचे काम झाले आहे. फोन डोळ्यांच्या उंचीवर, आडवा आणि स्थिर ठेवावा. खिडकी पाठीमागे न ठेवता समोर ठेवावी. पंखा बंद करावा. क्यू वाचायला खोलीतल्या मित्राला फोनच्या अगदी जवळ उभे करावे. चारदा चित्रित करून त्यांतली एक पाठवावी, आणि सूचनेत फाइलचे नाव जसे मागितले असेल तसेच द्यावे, कारण शेकडो फितींमध्ये बिननावाची फीत हरवते.

नाटकाशी नाते

मुंबईत मराठी नटाला जो आधार आहे तो इतर भाषांतून आलेल्या मुलांना सहज मिळत नाही, आणि तो म्हणजे चालू असलेली रंगभूमी. दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर, प्रभादेवीचे रवींद्र, पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचे गडकरी रंगायतन, मुलुंडचे कालिदास, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले: या नाट्यगृहांत शनिवार-रविवारी प्रयोग असतात. वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिराती पाहून महिन्यातून दोन तरी प्रयोग पाहा. पृथ्वी थिएटरला, जे १९७८ पासून जुहूला उभे आहे, हिंदी आणि इंग्रजी रंगभूमी जवळून पाहता येते.

शिरकाव करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे बॅकस्टेज. एखाद्या प्रायोगिक संस्थेला किंवा एकांकिका बसवणाऱ्या गटाला जाऊन सांगा, की नेपथ्य लावायला, संगीत चालवायला, प्रॉम्प्टिंगला मी येतो. तालमी बहुधा संध्याकाळी असतात, त्यामुळे दिवस ऑडिशनसाठी मोकळा राहतो. रोज विंगेत उभे राहिल्यावर सगळ्यांची वाक्ये पाठ होतात, आणि कोणाच्या मालिकेच्या तारखा प्रयोगाच्या आड आल्या की रिप्लेसमेंटसाठी प्रथम विंगेतल्या माणसाकडे पाहिले जाते. व्यावसायिक नाटकात माझा प्रवेश असाच झाला. हातात तीन दिवस होते. तेथे मानधन प्रयोगागणिक ठरते आणि त्याला "नाइट" म्हणतात. ती नाइट लहान असली तरी प्रयोगांची संख्या वाढली, की भाड्याचा मोठा भाग त्यातून निघतो.

एकांकिका स्पर्धांकडेही लक्ष असू द्या. इंडियन नॅशनल थिएटरच्या (आय.एन.टी.) स्पर्धेसारख्या स्पर्धांना आणि प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगणाऱ्या चतुरंग संस्थेच्या "सवाई" एकांकिका स्पर्धेला दिग्दर्शक, लेखक, मालिकांचे निर्माते प्रेक्षकांत बसलेले असतात. ऑडिशनच्या दोन मिनिटांत जे दाखवता येत नाही, ते तेथे पाऊण तासात दिसते.

फसवणूक आणि सुरक्षितता

ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, "आर्टिस्ट कार्ड"साठी किंवा ठरावीक छायाचित्रकाराकडूनच पोर्टफोलिओ काढण्यासाठी पैसे मागितले गेले, तर तेथून परत फिरा. भूमिका मिळवून दिल्याबद्दल कोऑर्डिनेटर, म्हणजे कलाकार आणि निर्मिती संस्था यांमधला मध्यस्थ, आपला वाटा घेतो, पण तो झालेल्या कामाच्या मानधनातून. आधी कधीच नाही. नामांकित संस्थेचे नाव घेऊन आलेला निरोप त्या संस्थेच्या अधिकृत पानावर तपासून पाहावा. ऑनलाइन पैसे गेलेच, तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

हॉटेलच्या खोलीत किंवा कोणाच्या घरी रात्री उशिरा "मीटिंग"ला बोलावले तर जाऊ नये. मुलींनी आणि मुलांनीही. अंतर्वस्त्रांतील किंवा त्याहून उघडे फोटो मोबाइलवर कोणालाही पाठवू नयेत. शारीरिक जवळिकीचे प्रसंग असतील तर ते नेमके काय आहेत हे आधी लेखी मागावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चित्रीकरणाच्या जागेलाही लागू होतो, आणि दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तातडीच्या वेळी ११२ लावावा. ऑडिशनला जाताना पत्ता आणि वेळ खोलीतल्या कोणाला तरी कळवून जाण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पहिले काम मिळाल्यावर

होकार आल्यावर आनंदात चार गोष्टी विचारायच्या राहून जातात: किती दिवसांचे काम, दिवसाचे मानधन किती, शिफ्ट किती तासांची आणि पैसे किती दिवसांनी. मालिकांत शिफ्ट साधारण बारा तासांची असते आणि पैसे बहुधा नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे गणपतीच्या सुमारास हाती येतात, हे गणित खर्चाच्या वहीत धरलेले असावे. करारपत्र घरी आणून वाचावे. दुसऱ्या वाहिनीवर काम करण्यास मनाई आहे का आणि नाटकाच्या प्रयोगांसाठी सुट्टी मिळेल का, हे सहीआधीच स्पष्ट करून घ्यावे. तोंडी ठरलेली गोष्ट निदान संदेशाने कळवून त्यावर "हो" मिळवावे.

आदल्या रात्री कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर राहण्याची वेळ, आणि ठिकाण पक्के करा. चित्रनगरीचे मुख्य प्रवेशद्वार आणि आतला सेट यांत बरेच अंतर आहे, आणि मढला जाताना वर्सोव्याहून फेरीबोट सोयीची पडते. सेटवर पोहोचल्यावर आधी साहाय्यक दिग्दर्शकाला भेटा. घड्याळ कोणत्या हातात होते, बाही किती दुमडली होती, हे प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून लक्षात ठेवा, कारण कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्या शॉटमध्ये सगळे जसेच्या तसे आहे ना हे, पाहणारा माणूस असला तरी चूक पडद्यावर तुमच्या नावे दिसते. जेवणाच्या सुट्टीत स्पॉटदादांशी, मेकअपदादांशी, हेअरच्या ताईंशी बोला. पुढच्या कितीतरी कामांची बातमी त्यांच्याकडूनच कळते.

काम संपल्यावर बिल लगेच पाठवा आणि पाठवल्याची तारीख वहीत लिहा. मानधनातून साधारणतः दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापला जातो. वर्षाचे उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा कमी असेल, तर विवरणपत्र भरल्यावर ती रक्कम परत मिळते. कित्येक नवे कलाकार विवरणपत्र न भरता ती सोडून देतात. नव्वद दिवस उलटूनही पैसे आले नाहीत तर आधी लेखी आठवण करा, नंतर संघटनेकडे जा. त्यासाठीच पहिल्या कामानंतर सिंटा, म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, या संघटनेच्या सदस्यत्वाची चौकशी करावी. मराठी चित्रपटांत काम करणाऱ्यांनी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचीही करावी.

भाग प्रसारित होईल त्या दिवशी तुमचा प्रसंग कापून घ्या. तो दीड मिनिटाचा तुकडा इंट्रोला जोडा आणि वहीतली जुनी पाने उघडा. ज्या ज्या कास्टिंग कार्यालयात तुमची ऑडिशन झाली होती, त्या प्रत्येकाला तो एका ओळीच्या संदेशासह पाठवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे हिंदीचे वीस मिनिटांचे वाचन करून वर्सोव्याची मेट्रो पकडा.